परदेशी विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीतली नीती कशी शिकवावी?

प्रश्न: मी बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. यंदा एमटेकच्या वर्गात नेपाळ, इथिओपिया आणि टांझानियाचे विद्यार्थी आहेत. बाकीची मुले बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडची, आणि त्यांतली बरीच पुढे एमएस-पीएचडीसाठी अमेरिका किंवा जर्मनीला जाणार. व्यावसायिक नीतिशास्त्र हा विषय कुणाला नको होता म्हणून माझ्याकडे आला. पुस्तक अमेरिकन आहे. तासाला मुले जांभया देतात, परीक्षेत मात्र सगळ्यांना उत्तम गुण. हा विषय खरोखर शिकवायचा असेल तर कसा शिकवावा?

उत्तर:

परीक्षेत सगळ्यांना उत्तम गुण पडतात, दुखणे तिथेच आहे. ‘अभियंत्याची पहिली बांधिलकी कोणाशी?’ असे विचारून खाली चार पर्याय दिले, तर आठवीतले पोरगेही ‘जनतेची सुरक्षितता’ यावर खूण करील. आपल्या व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, २०१८ च्या अभ्यासक्रमात हा विषय संविधान आणि सायबर कायद्याच्या दावणीला बांधला होता. क्रेडिट एक, आणि पेपर पर्याय निवडण्याचा. त्या सवयीची मुले तुमच्यासमोर बसली आहेत, एवढे धरून चाला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, क्वालिटी विभागात काम केले, मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठात परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाच विषय बरीच वर्षे शिकवला. आता टिळकवाडीत राहतो आणि परदेशी निघालेली पोरे घरी येतात त्यांच्याशी बोलतो. या मुलांत प्रामाणिकपणा कमी आहे, असे मला ना इथे वाटले ना तिथे. त्यांना दोन गोष्टी कोणी सांगितलेल्या नसतात. आपल्या सहीवर नेमके कोण विसंबून आहे, ही पहिली. वरच्या माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे आणि म्हटल्यावर काय भोगावे लागते, ही दुसरी. पहिली पुस्तकात अर्धीमुर्धी सापडते. दुसरी जवळजवळ नाहीच, कारण ते पुस्तक अमेरिकेच्या नागरिकासाठी लिहिलेले आहे. त्याची नोकरी गेली तर नोकरीच जाते, देश सोडावा लागत नाही.

पहिला तास चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाच्या अपघाताने सुरू करू नका, प्रयोगशाळेतून सुरू करा. बीईला मटेरियल टेस्टिंगच्या प्रॅक्टिकलला माइल्ड स्टीलचा यंगचा गुणांक, म्हणजे ते ताणाला किती ताठ राहते त्याचा आकडा, काढतात. उत्तर दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास यायला हवे, हे सिनियरच्या जर्नलमुळे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. नमुन्याची लांबी किती वाढली ते मोजणारा एक्स्टेन्सोमीटर नीट बसला नाही किंवा पकडीत नमुना सरकला, की उत्तर भलतेच येते. मग बॅचमधला हुशार पोरगा उत्तरावरून उलटे गणित करून रीडिंग भरतो, बाकीचे उतरवून काढतात, आणि सर लाल पेनाने सही करून मोकळे. याला आपल्याकडे ‘रीडिंग मॅनेज करणे’ म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. अमेरिकेत हा विषय काढला की इराणी, चिनी, नायजेरियन आणि आपली तेलुगू-मराठी पोरे एकदम हसायची. ती ओळखीची हसणी होती. म्हणजे ‘आमच्या संस्कृतीत चालते’ वगैरे काही नाही. जिथे जिथे बरोबर उत्तराला गुण आहेत तिथे हे चालते.

हेच काम तिथे संशोधन साहाय्यक म्हणून केले, तर त्याला बनावट डेटा म्हणतात. अमेरिकेत संशोधनातल्या गैरवर्तनाची सरकारी व्याख्या तीन गोष्टींवर उभी आहे: डेटा रचणे, डेटात फेरफार करणे आणि दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून खपवणे. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना या बाबतीत प्रशिक्षण देणे २०१० पासून विद्यापीठांना बंधनकारक आहे. आपल्या मुलांना ते पहिल्या सत्रात ऑनलाइन करावे लागते, आणि ती ते जर्नल उतरवतात तसेच उरकतात.

म्हणून तुम्ही तोच जुना प्रयोग पुन्हा करायला लावा. पेनने लिहिलेली मूळ रीडिंग मशीनपाशीच गोळा करा आणि आधीच सांगून ठेवा की गुण उत्तराला नाहीत. उत्तर चुकले तर ते का चुकले असेल, याच्या स्पष्टीकरणाला आहेत. पहिल्या खेपेला तरीही कोणीतरी नेमके दोन लाख घेऊन येईल. ओरडू नका, फक्त सर्वांसमोर विचारा, ‘तिसरे रीडिंग घेताना सुई कुठे थांबली होती?’ वर्गाला कळायचे ते कळते.

दुसरा तास काट्यावर घ्या. तुमच्या वर्गात चिकोडी, अथणी, हुक्केरीकडचा एखादा ऊसवाल्याचा मुलगा असणारच. त्याला उठवा आणि म्हणा, ‘काटामारी म्हणजे काय, ते या इथिओपियाच्या मित्राला समजावून सांग.’ तो खुलतो. भरलेली ट्रॉली तोलतात, रिकामी तोलतात, वजाबाकी म्हणजे ऊस. प्लॅटफॉर्मखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, असतात, त्यांचा संकेत खोलीतल्या इंडिकेटरवर जातो. एका खेपेला क्विंटलभर इकडचे तिकडे झाले तरी ट्रॉलीकडे बघून कुणाच्या बापाला कळायचे नाही. मग प्रश्न टाका: काट्याच्या कॅलिब्रेशनच्या कागदावर इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर म्हणून तुझी सही आहे. साहेब म्हणतो, भरलेल्या ट्रॉलीला काटा थोडा कमी दाखवतोय, पण हंगाम संपल्यावर बघू, आता काटा बंद ठेवला तर रांग हायवेपर्यंत जाईल. बाहेर ट्रॅक्टरवर रात्रभर जागलेला तुझा बाप बसलाय. काय करशील?

अमेरिकेतल्या व्यावसायिक अभियंत्यांच्या संस्थेच्या आचारसंहितेत पहिलेच कलम आहे की जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि हित सर्वांत वर ठेवावे. हे कलम मुले पाठ म्हणतात, पण ‘जनता’ म्हणजे कोण ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. काट्याच्या तासाला येते. वैधमापनाचा कायदा २००९ चा आहे, काट्यावर सरकारी शिक्का लागतो, ते सगळे सांगा. पण कायद्यावर तास संपवू नका. ‘समजा बाप रांगेत नाही, दुसऱ्याचा बाप आहे, तर?’ इथे थांबा आणि बोलू द्या. परदेशी विद्यार्थी इथे तोंड उघडतात, कारण शेतमाल तोलताना होणारी लबाडी त्यांच्याकडेही माहीत असते.

इथे एक आडवळण घेतो. गट पाडताना मराठी एकीकडे, कन्नड एकीकडे आणि परदेशी तिसरीकडे असे होऊ देऊ नका. आपोआप तसेच होते. महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावलाय, सीमेचे काय ते तिथे ठरेल. तुमच्या वर्गात प्रत्येक गटात तीन भाषा असू द्या. मग नाइलाजाने सगळे सोप्या इंग्रजीत आणि कागदावर आकृती काढून बोलतात, आणि गोलमोल बोलायला जागा राहत नाही.

आता टीसी, म्हणजे मालाबरोबर जाणारे टेस्ट सर्टिफिकेट. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. बेळगाव फाउंड्रीचे गाव आहे. उद्यमबागेत, मच्छ्यात कुठेही फिरलात तरी वर्गातल्या दोघातिघांचे काका-मामा तिथे निघतील. मुलांच्या हातात एक तयार केलेली टीसी द्या. ग्रेड एसजी आयर्न (ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेले ओतीव लोखंड) ५००/७, म्हणजे ताणशक्ती किमान ५०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि तुटण्याआधीची लांबण किमान ७ टक्के. वर हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), रासायनिक घटक, कडकपणा, खाली इंजिनिअरची सही. त्यात मुद्दाम एक खोड ठेवा: माल ओतल्याची तारीख १४, टेन्साइल टेस्टची तारीख १३. काही न सांगता वाचायला द्या. बहुतेक जण ताणशक्ती आणि लांबण तपासतात आणि ‘ओके’ म्हणतात. तारखा कोणी बघत नाही. ओतण्याआधी तुटलेला टेस्ट बार, म्हणजे चाचणीत तोडायचा नमुना, वर्गात कोणालाच दिसला नाही, हे कळते तेव्हा जो हशा होतो तो उपयोगाचा असतो. टीसी ‘भरायची’ असते, वाचायची नसते, असेच सगळ्यांच्या मनात असते. शॉपमध्येही बहुतेक ठिकाणी तसेच.

मग खरा पेच. त्याच ग्रेडचा माल, तारखा बरोबर, ताणशक्ती ५२०, पण लांबण ६.२. शनिवारची संध्याकाळ, महिनाअखेर, गेटवर ट्रक उभा. मॅनेजर म्हणतो, ‘६.२ काय आन् ७ काय, सात कर की. आजवर कुठं काय झालंय?’ सही तुझी.

वर्ग तीन गटांत फुटतो. एक गट लगेच ‘मी सही करणार नाही, राजीनामा देईन’ म्हणतो. हे पुस्तकी वीर. त्यांना विचारा, राजीनामा दिल्यावर ट्रक कुठे जातो? जातोच, फक्त सही दुसऱ्याची असते. दुसरा गट म्हणतो, साहेबांनी सांगितले म्हणजे जबाबदारी साहेबांची. त्यांना फोक्सवॅगनची गोष्ट सांगा. डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये उघडकीस आले. जेम्स लियांग नावाचा अभियंता जर्मनीतून कंपनीच्या अमेरिकेतल्या कामावर गेला होता. त्याला २०१७ मध्ये अमेरिकन न्यायालयाने ४० महिन्यांची कैद सुनावली. तो मालक नव्हता, तुमच्याआमच्यासारखा नोकर होता. तिसरा गट गप्प बसतो. परदेशी विद्यार्थी बहुतेक याच गटात असतात, आणि माझ्या अनुभवाने विचार करणारी डोकीही याच गटात जास्त असतात. त्यांना बोलते करायचा प्रश्न साधा आहे: ‘तुला आणखी काय माहिती हवी?’

तिथून तास नीतीकडून धातुशास्त्राकडे जातो, आणि जाऊ द्या. लांबण का उतरली? एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियमची ट्रीटमेंट केल्यावर माल ओतायला उशीर झाला की तिचा परिणाम ओसरतो आणि ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट बनत नाहीत. किंवा गोळ्या ठीक आहेत, पण भंगारातून मँगनीज-तांबे जास्त आले आणि पर्लाइट, म्हणजे लोखंडातली कडक रचना, वाढले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. पर्लाइट असेल तर अॅनीलिंग करून, म्हणजे भट्टीत तापवून सावकाश थंड करून, लांबण वाढवता येते, पण ताणशक्ती उतरते, मग ५०० चा आकडा हातचा जायला नको. गोळ्याच बिघडल्या असतील तर भट्टीत घालूनही उपयोग नाही, माल परत वितळवायचा. पुन्हा टेस्ट बार तोडता येतो, पण त्याच हीटचा. चांगल्या हीटचा बार आणून लावणे म्हणजे पुन्हा तीच लबाडी. आणि एक रस्ता आहे जो फाउंड्रीत रोजचा आहे आणि कुठल्याच विद्यार्थ्याला ठाऊक नसतो: ग्राहकाला खरा आकडा कळवून डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी आकड्याचा माल पाठवायची परवानगी, मागणे. पार्ट नुसता कव्हर असेल तर ग्राहक ६.२ घेईलही. ट्रॅक्टरच्या एक्सलचा ब्रॅकेट असेल तर घेणार नाही, कारण खड्ड्यात दणका बसल्यावर तो वाकायला हवा, तडकायला नको. पार्ट कशात बसणार आहे, हे ज्याने विचारले त्याला त्या दिवशी पैकीच्या पैकी.

सही करू की नको, असा जो प्रश्न वाटत होता त्याचे पाच-सहा रस्ते झाले. नीतीचे पेच बऱ्याचदा तंत्र कच्चे असल्यामुळे पेच वाटतात. डेव्हिएशन नोट लिहिता येणारा पोरगा राजीनाम्याच्या गोष्टी करत नाही.

सिव्हिलच्या मुलांना टीसी परकी वाटली तर कॅन्सस सिटीच्या हॉटेलातले लटकते पादचारी पूल घ्या. १७ जुलै १९८१ ला ते कोसळले, ११४ माणसे मेली. मूळ नकाशात वरपासून खालपर्यंत एकच सळई होती आणि दोन्ही पूल तिला लटकणार होते. बांधायला सोपे म्हणून एकीच्या दोन सळया केल्या, आणि वरच्या पुलाच्या नटवर दुप्पट भार आला. त्या बदलाचे गणित कोणी केले नाही, पण नकाशावर अभियंत्याचा शिक्का होता. फळ्यावर दोन आकृत्या काढा आणि नटवरचा भार मुलांनाच काढू द्या. पाच मिनिटांत होते. ज्याला तो काढता आला, त्याला ती सही किती किमतीची होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता ‘नाही’ म्हणण्याची किंमत. हा भाग टाळू नका, कारण परदेशी विद्यार्थ्याचे खरे दुखणे हे आहे. चॅलेंजर इथे आणा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत सांगितले की ५३ अंश फॅरेनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली, उड्डाण करू नका, रॉकेटच्या सांध्यांतले रबरी सील थंडीत कडक होतात. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान २ सेल्सिअसच्या आसपास होते. बैठकीत मध्येच कंपनीच्या वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला सांगितले की अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. यान हवेतच नष्ट झाले, सात जण गेले. विरोध करणाऱ्या रॉजर बॉइजोलीने चौकशीत खरे सांगितले, त्यानंतर कंपनीत तो एकटा पडला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. १९८८ मध्ये त्याला मोठा सन्मान मिळाला, हेही सांगा, पण आधी मधली दोन वर्षे सांगा.

आपल्याकडचे सत्येंद्र दुबे सांगा. आयआयटी कानपूरचा अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता. सुवर्ण चतुष्कोनातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवा म्हणून विनवले. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून झाला. खटल्यात तो लुटीतून झालेला खून ठरला, पण पत्रावरचे नाव कागदांबरोबर हातोहात फिरले ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. ही गोष्ट सांगून मुलांना हुतात्मा व्हायला शिकवू नका. पत्र कोणाला जाते, कोणाच्या टेबलावरून जाते, प्रत कोणाकडे राहते, हे विचारायला शिकवा.

आणि मग आपल्या पोरांचे सांगा. अमेरिकेत शिकून झाल्यावर कामाचा जो परवाना मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. एचवनबी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. घरी बँकेचे कर्ज, कधी गहाण टाकलेले शेत. पीएचडी करणाऱ्याचा पगार, प्रबंध आणि शिफारस तिन्ही एकाच प्राध्यापकाच्या हातात. अशा मुलाला ‘बिनधास्त बोल’ म्हणणे सोपे आहे, कारण भोगणार तो आहे. त्याला पायऱ्या शिकवा. आधी स्वतःची नोंद, तारखेसकट, स्वतःच्या वहीत. मग प्रश्न, आरोप नाही: ‘सर, या आलेखाखाली माझे नाव आहे, म्हणून मूळ डेटा एकदा बघू का?’ आपल्या मुलांना आदराने विचारणे येते आणि ते तिथेही चालते, उलट जास्त चालते. मग त्याच प्रयोगशाळेतला एखादा सिनियर. मग विभागाचा समन्वयक. मग ओम्बड्स, म्हणजे विद्यापीठाने नेमलेला तटस्थ माणूस, जो तक्रार दाखल न करता आधी ऐकून घेतो. मग संशोधन नीतिमत्तेचे कार्यालय. जर्मनीतही विद्यापीठांत असे ओम्बड्स असतात. आपल्या पोरांना हे पद असते हेच माहीत नसते. ती थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात किंवा मुकाट गिळतात. तुमच्या कॉलेजात इथिओपियाच्या मुलाने कोणाकडे जायचे, हेही त्याच तासाला सांगता आले पाहिजे. नसेल तर आधी एचओडींशी बोलून ठरवून घ्या.

वर्गात इथिओपियाचा विद्यार्थी आहे म्हणून एक सांगतो. १० मार्च २०१९ ला अदिस अबाबाहून उडालेले इथिओपियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ मॅक्स पडले, १५७ माणसे गेली. त्याआधी २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात त्याच जातीचे विमान पडले होते, १८९ गेली. नाक खाली ढकलणारी यंत्रणा त्यावेळी एकाच सेन्सरच्या आकड्यावर चालू होत असे. हे प्रकरण सांगायला त्याला आधी विचारा, एकट्याला, वर्गाबाहेर. त्याची तयारी असेल तर त्यालाच मांडू द्या. नेपाळच्या मुलांकडून २५ एप्रिल २०१५ चा भूकंप ऐका. १९८८ च्या भूकंपानंतर १९९४ मध्ये त्यांच्याकडे बांधकाम संहिता तयार झाली होती. संहिता असताना घरे कशी पडली, हे ती मुले आपल्यापेक्षा चांगले सांगतात. परदेशी विद्यार्थ्याला सतत ‘तुमच्याकडे लाच चालते का’ असे विचारणारे शिक्षक मी तिथे पाहिले. आपण तो प्रकार करू नये, विशेषतः आपल्या तालुका कचेरीकडे बघता.

लाचेचे म्हणाल तर थोडक्यात: अमेरिकेचा परदेशी लाचविरोधी कायदा १९७७ चा, ब्रिटनचा २०१० चा. नेहमीचे काम जरा लवकर व्हावे म्हणून दिलेली किरकोळ रक्कम अमेरिकन कायदा वगळतो, ब्रिटिश कायदा वगळत नाही. आपल्या कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार झाला. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायची सोय आहे. एवढे पुरे. यावर अख्खा तास घालवू नका.

वाङ्मयचौर्यावरही भाषण नको, सराव द्या. एक परिच्छेद वाचायला द्या, झाकून ठेवायला सांगा, मग आपल्या शब्दांत लिहायला सांगा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. आपल्या मुलांनी त्याचा अर्थ ‘दहा टक्के चोरी चालते’ असा घेतलाय आणि तोच घेऊन ती जातात. तिथे एक उचललेला परिच्छेदही पुरतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला बोचेल, पण सांगतो. एमएसला निघालेली मुले तुमच्याकडे तयार शिफारसपत्र घेऊन येतील. स्वतःच लिहिलेले किंवा कन्सल्टन्सीने लिहून दिलेले, तुमच्या नावाने, ‘मॅडम, फक्त सही’. सोबत मामाच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधले अनुभवाचे प्रमाणपत्र, जिथे पोरगा दिवाळीच्या पाया पडायला तेवढा गेलेला असतो. व्हिसासाठी खोटा कागद दिल्याचे ठरले तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो, हे मुलांना सांगा. पण त्याआधी तुमच्या सहीचे ठरवा. टीसीच्या तासाला ६.२ चे ७ करू नको म्हणणारे आपण, आणि ‘माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम विद्यार्थी’ या ओळीखाली सत्रात चौथ्यांदा सही करणारेही आपणच, हे मुले बरोबर बघतात. विद्यार्थ्याकडून त्याच्या कामाचे मुद्दे मागा आणि पत्र स्वतः लिहा, चार ओळींचे का होईना.

तिथल्या प्राध्यापकाला कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा न्यावा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. न्यावा. पण ग्रेड लागल्यावर, आणि लॅबमध्ये सगळ्यांत फोडावा.

अभियंता दिनाच्या भाषणाबद्दल एक विनंती. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या दोन मेणबत्त्यांची गोष्ट सांगायची प्रथा आहे: सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती, घरच्या कामाला स्वतःची. खरी असो वा रचलेली, गोष्ट गोड आहे, पण या विषयाचे तिने नुकसान केलेय. नीती म्हणजे ऑफिसचे पेन घरी न नेणे, असे मुलांच्या डोक्यात बसते. आयुष्यात पेन न उचललेला सज्जन माणूस खोटी टीसी शांतपणे सही करताना मी पाहिलाय. त्यापेक्षा पुण्यात शिकलेल्या या म्हैसूरच्या माणसाने १९०३ मध्ये खडकवासल्याला पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते सांगा. दरवाजा वेळेवर उघडला नाही तर खाली कोण राहते, असा प्रश्न त्याला जोडा.

गुण कसे द्यायचे? पर्यायांचा पेपर विद्यापीठाचा असेल तर तो होऊ द्या, पण अंतर्गत गुणांसाठी प्रत्येकाकडून एकच गोष्ट घ्या: वरिष्ठाला लिहिलेला एक मेल. विषय ६.२ चा. आठ-दहा ओळींत. त्यात मोजलेला आकडा हवा, मागणी हवी, ‘हा माल या अवस्थेत माझ्या सहीने जाऊ शकत नाही’ हे वाक्य हवे, लगेच खाली दोन रस्ते हवेत आणि कुठला रस्ता किती वेळात होईल ते हवे. सुरक्षितता, मूल्ये, सदसद्विवेक हे शब्द आले की मी गुण कापतो. मॅनेजरला ते वाचायला वेळ नसतो. पहिला मसुदा नेहमी एकतर लोटांगण घालणारा येतो नाहीतर कोर्टाची नोटीस वाटावा असा. दुसऱ्या-तिसऱ्या मसुद्याला सूर सापडतो. मग वर्गातल्याच एकाला मॅनेजर करून तो मेल मोठ्याने वाचायला लावा आणि त्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. आपली पोरे मॅनेजरची भूमिका फार हौसेने करतात, ‘ए, शहाणपणा शिकवू नको’ पासून सुरू होतात. टांझानियाच्या मुलालाही एकदा तरी त्या खुर्चीत बसवा.

जमल्यास एखाद्या फाउंड्रीच्या क्वालिटीवाल्याला वर्गात बोलवा. मालकाला नको, मालक भाषण करतो. टीसीचे नमुने माझ्याकडे तयार आहेत, तारखेचा घोटाळा असलेली आणि ६.२ ची, दोन्ही. हवे असतील तर निरोप द्या, एखाद्या विद्यार्थ्याला टिळकवाडीला पाठवा.